रोज मरणाऱ्या सिस्टर

आमच्या शाळेच्या सिस्टरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मेलेल्या होत्या.

नोकरीवर रुजू होण्याचा माझा पहिलाच दिवस. मालेगावला बसमधून उतरून, ऑटोनं वाशीम रस्त्यावर पुढं येऊन, साडीवरची धूळ झटकत मी शाळेच्या आवारात शिरले. दिव्यांग मुलांची निवासी शाळा. कुणाच्या पायात बळ नाही, कुणाचा हात वळत नाही, कुणाला फिट येते. मी तिथं मराठी शिकवणार होते. हेडसर कुठं बसतात ते विचारावं म्हणून पहिलंच दार लोटलं, तर आत लोखंडी खाटेवर पांढऱ्या साडीतली एक धिप्पाड बाई तोंडावर टॉवेल घेऊन निपचित पडलेली. शेजारच्या स्टुलावर एक मुलगा वाकड्या बोटांनी सदऱ्याच्या गुंड्या लावत बसला होता.

"काय झालं रे यांना?" मी विचारलं.

"मेल्या," त्यानं मान वर न करता सांगितलं.

मी जी किंकाळी फोडली ती स्वयंपाकघरापर्यंत गेली. प्रेत ताडकन उठून बसलं आणि माझ्यावरच डाफरलं, "कायले वरडता हो मॅडम? दोन गुंड्या लावल्या होत्या त्यानं. तिसरीच्या टायमाले मले जितं केलं तुमी!"

ही आमची ओळख. पुढं कळलं की शाळेत याचं कुणालाच काही वाटत नसे. मुलाला एखादं काम आपलं आपल्याला जमायला हवं असलं, की सिस्टर ते आधी करून दाखवायच्या, मग त्याच्याकडून हात धरून करून घ्यायच्या, आणि एक दिवस जाहीर करायच्या, "आता मी मेली. तुयं तू पाह्य." आणि खाटेवर आडव्या. गुंड्या लावणं, पायाला आधाराच्या कॅलिपरचे पट्टे बांधणं, फिटची गोळी आठवणीनं घेणं, अशा सगळ्या विद्यांसाठी त्यांना मरण यायचं. स्वयंपाकीणबाई कानाला हात लावायच्या, "भरल्या सांजी असं अभद्र बोलू नाई, सिस्टर." हेडसरांचं म्हणणं एवढंच होतं, की निदान साहेब तपासणीला आले असताना मरू नका.

रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात. आमच्याकडं तर त्या मेल्या की मुलं शेजारी बसून शेंगा फोडत.

दुसरं वेड उकळण्याचं. जे म्हणून पाण्यात मावेल ते त्या उकळत. कात्री, चिमटा, चमचे, मुलांच्या बाटल्या. मला विचार करताना पेन तोंडात धरायची सवय आहे. एकदा ते त्यांनी माझ्या हातातून काढून नेलं आणि तासाभरानं परत आणून दिलं. स्वच्छ होतं, पण केळ्यासारखं वाकलेलं. आमच्या ऑफिसातल्या बाबूंनी जेवताना वाटीत काढून ठेवलेली कवळी त्यांनी याच उत्साहात उकळली. त्यानंतर ती कवळी बाबूंच्या तोंडात कधीच नीट बसली नाही. रागावून बोलायला गेले की ती आतल्या आत टाळी वाजवायची, त्यामुळं बाबूंनी रागावणंच सोडून दिलं. सिस्टर म्हणायच्या, "पाहा, तब्येत सुधारली त्यायची."

शाळेत नवी चाकाची खुर्ची आली की मुलाला द्यायच्या आधी सिस्टर स्वतः दिवसभर तिच्यात बसून हिंडायच्या. कुठं टोचते, कुठं अडते, चाक वाळूत रुततं का, ते कळायला हवं. एकदा खुर्ची हेडसरांच्या खोलीच्या उंबऱ्याला अडली. उतरून आत जावं की नाही? नाही. तिथूनच त्यांनी हाक मारली, "अजी सर, मीटिंग बाहेर घ्या. मी काई उतरत नाई." मीटिंग व्हरांड्यात झाली. पुढं तिथं उतार झाला, तो हेडसरांना उन्हात बसावं लागलं म्हणून झाला, असं माझं मत आहे.

अशाच एका दिवशी कुणी दानशूर पाहुणे आले होते. त्यांनी खुर्चीतल्या सिस्टरना पाहिलं आणि सिस्टरच्या मांडीवर एक घोंगडी आणि केळ्यांची फणी ठेवून फोटो काढून घेतला. सिस्टरनी हात जोडले. नंतर मी म्हटलं, "सांगायचं तरी, तुम्ही नर्स आहात म्हणून."

"त्यायनं इचारलं काय?" सिस्टर केळं सोलत म्हणाल्या. "मानूस इचारत नाई, मंग मी कायले सांगू?"

हे 'विचारणं' म्हणजे त्यांचं तिसरं वेड, आणि आम्हा मास्तर लोकांच्या डोक्याला सर्वांत मोठा ताप. कुठल्याही मुलाला हात लावायच्या आधी त्या विचारायच्या, "उचलू काय?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. बोलता येणाऱ्या मुलांचं ठीक आहे. पण आमच्याकडं एक मुलगी होती, ती नुसत्या पापणीनं हो म्हणायची, आणि तेही तिच्या मर्जीनं. तिकडं प्रार्थनेच्या रांगा उभ्या, हेडसर घड्याळ बघतायत, आणि इकडं सिस्टर वाकून पापणी हलायची वाट पाहत उभ्या. मुलीलाही त्यात मजा वाटायची. मुद्दाम डोळे वटारून बसायची. प्रार्थनेला रोज उशीर.

मोठ्या माणसांना मात्र ही सवलत नव्हती. रस्त्यानं जाता जाता त्या कुणाचीही पापणी खाली ओढून बघायच्या आणि सगळ्यांदेखत सांगायच्या, "रक्त नाई अंगात." हेडसर एकदा ध्वजाला सलामी देऊन उभे असताना त्यांचा कान धरून आत डोकावल्या. "मळ हाय, सर. म्हनून तुमाले आमचं आयकू येत नाई."

तर अशा या बाई, आणि त्यांना भेटलेली कोमल.

कोमल ही फक्त नावाला. रिठदच्या पलीकडल्या वस्तीवरची, दहा-अकरा वर्षांची, जिभेला धार. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारे. ती पाठीच्या कण्यावर गाठ घेऊन जन्मली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण पायांत बळ आलं नाही आणि लघवीची जाणीवही आली नाही. दर तीन-चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी ते सिस्टरना आणि तिच्या आईला शिकवलं होतं, आणि बजावलं होतं की यात हयगय झाली तर मूत्रपिंडं जातील. मुलगी जरा मोठी झाली की तिनं स्वतःच करायला शिकावं, असंही सांगितलं होतं.

एका हंगामात आई तिला बरोबर घेऊन गेली होती. फडावर कुठलं आलंय पाणी नि कुठला आडोसा? आई दिवसभर मोळ्या वाहणार. कोमल तापानं फणफणून परत आली आणि किती तरी दिवस दवाखान्यात पडून होती. तेव्हापासून आईबाप जायचे आणि कोमल शाळेत राहायची, कारण शाळेत सिस्टर होत्या.

आणि सिस्टर निवृत्त व्हायच्या होत्या.

त्यांची जागा भरली जाईल तेव्हा जाईल. सरकारी जागा भरण्याची वाट बघणारी माणसं मी म्हातारी झालेली पाहिली आहेत. हेडसर मनानं वाईट नाहीत, फक्त भित्रे. ते म्हणाले, "सिस्टर असेपर्यंत ठीक हाय. मंग या पोरीची जिम्मेदारी कोन घेनार? उद्या काई झालं तं मी काय तोंड दाखवू? आईले सांगून टाका, घेऊन जा म्हना." हे त्यांनी कोमलच्या समोरच म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर कोमलसाठी मरू लागल्या.

आधी रीतसर शिकवणी झाली. हात धुणं, नळी धरणं, आणि दिसावं म्हणून समोर आरसा ठेवणं. शाळेतले आरसे सगळे भिंतीवरचे. सिस्टरना हवा तसा, वळवता येणारा आरसा कुठंच मिळेना. मग एक दिवस मिळाला. त्याच आठवड्यात हेडसरांच्या मोटारसायकलचा डावा आरसा चोरीला गेला. हेडसरांनी शिपायाला धारेवर धरलं, बाबूंवर संशय घेतला, पार रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडं चौकशी केली. मी सगळं जाणत होते आणि फळ्याकडं तोंड करून सुविचार लिहीत होते.

आरसा झाला, शिकवणी झाली, पण मरणाचं काही जमेना. त्याचं कारण असं की सिस्टर मरायला फार कच्च्या होत्या. गुंडी चुकली तर चुकली, तिथं त्या धीर धरायच्या. पण कोमलच्या बाबतीत त्यांना राहवायचंच नाही. पडद्याआड कोमल खाटेवर, पलीकडं बाकावर सिस्टर तोंडावर टॉवेल घेऊन मेलेल्या. कोमल गोड आवाजात विचारायची, "सिस्टर, साबन कुठी हाय?" साबण तिच्या नाकासमोर असायचा.

"थ्या डबीत पाह्य ना वं," प्रेत म्हणायचं.

"सिस्टर, अशी धरू काय?"

"अशी नाई माय, थांब, मी आली." आणि प्रेत उठून कामाला लागायचं.

कोमलला बरोबर ठाऊक होतं की दोन प्रश्न विचारले की सिस्टर जिवंत होतात. पोरगी हुशार, पण हुशारी सगळी काम टाळण्यात. आणि तिचं तरी काय चुकलं? सिस्टर करून देत होत्या तोवर सिस्टर जाणार हे तिच्या लेखी खरं नव्हतं.

मी सिस्टरना म्हटलं, "तुम्ही नीट मरत का नाही? अशानं ती कधी शिकणार?"

"काय करू मॅडम, तोंडच नाई रायत बंद."

मग त्यांनी त्यावर उपाय काढला. त्यांच्या कनवटीला कायम फुटाणे असायचे. मरताना मूठभर फुटाणे तोंडात कोंबून मरायचं, म्हणजे बोलता येणार नाही. त्या दिवशी पडद्याबाहेर बसून मी ऐकत होते. साबणाची डबी उघडली. मग टॉवेलाखालून कुडुम-कुडुम आवाज यायला लागला.

"सिस्टर," कोमल म्हणाली, "मेलेले मानसं फुटाने खातेत काय?"

सिस्टरना हसू आलं, फुटाणा घशात अडकला, ठसका लागला, आणि पाठ चोळायला मला धावावं लागलं. खरोखरच्या मरणाच्या इतक्या जवळ त्या त्याच दिवशी गेल्या. कोमल मात्र चांगली हबकली. तिनं त्या दिवशी पहिल्यांदा निम्मं काम स्वतः केलं, तेही गुपचूप.

दिवाळीची सुट्टी संपली. ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी निघायची वेळ आली तशी कोमलची आई शाळेत हजर झाली. बरोबर रिकामी पिशवी होती, मुलीचे कपडे भरून न्यायला. हेडसरांनी तिला सगळं सांगून टाकलं होतं. ती बाई ओट्यावर बसून पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

सिस्टर तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "घेऊन जाचं अशीन तं ने. पन आंधी एक डाव पाहून घे. पोरीनं समदं तिचं तिनं केलं, तं ते इथं रायते. सर, मंजूर?"

हेडसर म्हणाले, "पूर्ण केलं पायजे. अर्धवट नाई चालनार. आन् तुमी बोलायचं नाई, सिस्टर." एवढं बोलून ते व्हरांड्यात जाऊन पाठ फिरवून उभे राहिले.

आत आम्ही चौघी. कोमल खाटेवर, तिची आई आणि मी भिंतीला टेकून, आणि बाकावर सिस्टर. त्या दिवशी फुटाणे नव्हते. तोंडावर टॉवेल, दोन्ही हात पोटावर. टॉवेलाबाहेर मला फक्त त्यांची पावलं दिसत होती.

कोमलनं सिस्टरकडं एकदा पाहिलं. हात धुतले. आरसा वळवून घेतला. डब्यातून नळी काढली, आणि ती तिच्या ओल्या बोटांतून सटकून जमिनीवर पडली.

आई उचलायला वाकली. मी तिचं मनगट धरलं.

"सिस्टर," कोमल म्हणाली.

टॉवेल जागचा हलला नाही.

"सिस्टर, नळी पडली."

बाकावरच्या पावलांची बोटं अशी आवळली गेली की नखं पांढरी झाली. पण आवाज आला नाही. कोमल वाट बघत होती. मला वाटलं, आता पोरगी रडणार, सिस्टर उठणार, आणि आई ती पिशवी भरायला घेणार. मला स्वतःलाच ओरडावंसं वाटत होतं, 'अगं, दुसरी घे!' मी दातांत पदर धरला.

"बरं. मराच मंग," कोमल फणकारली. पडलेली नळी तिनं कडेला सारली. पुन्हा साबण घेतला, पुन्हा हात धुतले, अगदी कोपरापर्यंत, रागारागानं. डब्यातून दुसरी नळी काढली. आणि खाली वाकून, ओठ घट्ट मिटून, तिनं तिचं काम पुरं केलं.

भांड्यात पडणाऱ्या धारेच्या आवाजानं आजवर कुणाला आनंद झाला असेल असं मला वाटत नाही. आम्हाला झाला. आईनं पिशवीनंच डोळे पुसले.

"झालं," कोमल म्हणाली. "उठा आता, सिस्टर."

टॉवेल बाजूला झाला. सिस्टरचा चेहरा घामानं डबडबला होता. म्हणाल्या काय, तर "हात धू."

आई पिशवी रिकामीच घेऊन गेली. हेडसरांनी डोळे पुसता पुसता हुकूम दिला की कोमलच्या सामानाचा डबा नि पाण्याची व्यवस्था मराठीच्या मॅडम बघतील. म्हणजे मी.

निवृत्तीच्या दिवशी सिस्टरनी हेडसरांना रंगीत कागदात गुंडाळलेली एक वस्तू भेट दिली. उघडून पाहिलं तर मोटारसायकलचा डावा आरसा, लख्ख. कोमलला तोवर आरशाविना जमू लागलं होतं. हेडसर चकित झाले. "कुठी सापडला हो हा?"

"इचारू नोका सर," सिस्टर म्हणाल्या. "उकळून देल्ला हाय."

हेडसर अजून तो आरसा लावून फिरतात आणि सिग्नलला त्यात बघून भांग पाडतात.

परवा सिस्टर आल्या होत्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. मालेगावला बाजारासाठी आले होते, म्हणून सहज डोकावले, असं म्हणाल्या. हातातल्या थैलीत फुटाण्यांशिवाय काहीच नव्हतं. मुलांनी गराडा घातला. दोघा-तिघांच्या पापण्या ओढून झाल्या, माझं रक्त कमी असल्याचं जाहीर झालं. पण त्यांचं लक्ष घड्याळाकडं होतं. मधल्या सुट्टीच्या आधी कोमल वर्गातून खुर्ची ढकलत निघाली, मांडीवर तिचा डबा. सिस्टरना तिनं पाहिलं नाही. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

सिस्टर चपला काढून हळूच दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मागून खुणेनं नको नको म्हणत होते. आत नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला आणि बंद झाला.

"कोमल," सिस्टरना राहवलं नाही, "नखाच्या आतलं धुतलं काय वं?"

आतून मग कोमलचा आवाज आला, जराही न चढलेला.

"सिस्टर, तुमी मेल्या ना? मंग चूप राहा."

सिस्टर मागं सरल्या. व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसल्या, आणि बसल्या बसल्या पदर तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं हसतायत. मीही हसत होते. मग बघते तर खांदे हलत होते आणि पदर भिजत होता. रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात; इथं मेलेलं माणूसच रडत होतं.

दार उघडलं. कोमल खुर्ची वळवत बाहेर आली, डबा मांडीवर, हात अजून ओले. बाकाशी येऊन थांबली. पदराकडं हात नेला, आणि मध्येच थांबवला.

"सिस्टर," तिनं विचारलं, "उठवू काय?"

पदराखालून उत्तर येईना. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलं ताटं घेऊन बाहेर आली, कुणीतरी कोमलला जेवायला हाक मारली. ती हलली नाही. सिस्टर हो म्हणेपर्यंत ती तशीच थांबून राहिली.